एडो राज्याची २०२० ची गव्हर्नर निवडणूक: ओबासेकी दुसऱ्यांदा कसे निवडून आले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरियाच्या राजकारणावर कुठे बोलणं निघालं की एडोचा विषय निघतोच, आणि दरवेळी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. मी ही निवडणूक पहिल्यापासून बारकाईने बघितली होती आणि आजही मला ती महत्त्वाची वाटते.

गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल का?

नाही, आणि हा घोळ आधी मिटवला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आपले राज्यपाल दिल्लीतून नेमले जातात आणि कारभार मुख्यमंत्री बघतात. नायजेरियात मुख्यमंत्री हे पदच नाहीये. ३६ राज्यं आहेत, प्रत्येक राज्यात एक गव्हर्नर, आणि त्याला लोक थेट मत देऊन निवडतात, म्हणजे आमदारांची संख्या जमवून वगैरे नाही, सरळ लोकांच्या मतांवर. मंत्री (त्यांना तिकडे कमिशनर म्हणतात) तोच नेमतो, बजेट तोच मांडतो, देशाच्या राजधानीतून, अबुजाहून, दर महिन्याला राज्याच्या वाट्याचा केंद्राचा पैसा येतो, त्यात तेलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो, तो त्याच्याच हातातून खर्च होतो. वर सिक्युरिटी व्होट म्हणून सुरक्षेच्या नावाखाली एक रक्कम असते तिचा हिशोब कुणी मागत नाही. आणि पदावर असेपर्यंत घटनेच्या कलम ३०८ प्रमाणे त्याच्यावर खटला चालत नाही. एवढं सगळं एका खुर्चीत असल्यावर ती खुर्ची परत मिळवायला माणूस काय काय करेल याचा अंदाज येतो.

मुदत चार वर्षांची, आणि दोनदाच निवडून येता येतं, तिसऱ्यांदा नाही.

एडो नक्की कुठे? बेनिन देशात का?

बेनिन सिटी ही एडो राज्याची राजधानी आहे आणि ती नायजेरियात आहे. बेनिन नावाचा देश वेगळा, नायजेरियाच्या पश्चिमेला लागून. बेनिनचे ते जगप्रसिद्ध पितळी पुतळे आणि पट्ट्या, ज्या १८९७ साली इंग्रजांनी राजवाडा लुटून नेल्या, त्या या बेनिन सिटीच्या.

राज्यात १८ लोकल गव्हर्नमेंट एरिया आहेत, आपल्या तालुक्यासारखं समजा. तीन पट्टे आहेत: दक्षिणेत बेनिन सिटी आणि आजूबाजूचा भाग, सगळ्यात जास्त मतं तिथे, मध्ये एसान लोकांचा पट्टा, आणि उत्तरेला एत्साको, ओवान, अकोको-एडो. हे तीन पट्टे लक्षात ठेवा, निकाल वाचताना लागतील.

नायजेरियात सगळ्या निवडणुका एकदम होतात ना? मग एडोची सप्टेंबर २०२० मध्ये एकटीच कशी?

बहुतेक राज्यांत राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीनंतर थोड्याच दिवसांत गव्हर्नरची होते. पण आठ राज्यं या रांगेतून बाहेर पडलीत, एडो, ओंडो, ओसुन, एकिती, अनाम्ब्रा, बायेल्सा, कोगी आणि इमो. एडोचं कारण असं की २००७ साली पीडीपीचे (पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी, देशातल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक) ओसेरहायमेन ओसुनबोर यांना विजयी जाहीर केलं, त्यांच्याविरुद्ध लढलेले कामगार नेते ॲडम्स ओशिओमोले कोर्टात गेले, आणि दीड वर्ष भांडून ११ नोव्हेंबर २००८ ला अपील कोर्टाने सांगितलं की खरे विजयी ओशिओमोलेच. दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, त्यांनी शपथ घेतली. चार वर्षांचं घड्याळ तिथून सुरू झालं आणि तेव्हापासून एडोचा गव्हर्नर १२ नोव्हेंबरलाच शपथ घेतो. कोर्टाचा एक निकाल राज्याचं कॅलेंडरच बदलून गेला.

याचा परिणामही मोठा होतो, कारण एकाच राज्यात निवडणूक असली की अख्ख्या देशाचे पोलीस, पैसा, दोन्ही पक्षांचे सगळे मोठे नेते आणि सगळे कॅमेरे तिथेच येऊन पडतात.

मुख्य उमेदवार कोण होते?

मतपत्रिकेवर १४ पक्ष होते, पण खरी लढत दोघांची.

गॉडविन ओबासेकी, त्यावेळचे गव्हर्नर, मूळचे शेअर बाजार आणि फायनान्सवाले, लागोसमध्ये कंपनी उभी केलेले. ओशिओमोले गव्हर्नर असताना राज्याच्या आर्थिक सल्लागार टीमचे ते प्रमुख होते. बोलणं मवाळ, सभा गाजवणाऱ्यांतले नाहीत.

समोर पास्टर ओसागी इझे-इयामू, वकील, चर्चमध्ये पास्टर, आणि राजकारणात ओबासेकींपेक्षा कितीतरी जुने. लकी इग्बिनेदियन गव्हर्नर असताना ते राज्य सरकारचे सेक्रेटरी होते, आणि २०१२ मध्ये ओशिओमोलेंच्या दुसऱ्या टर्मच्या प्रचाराची सगळी सूत्रं त्यांच्याकडे होती.

मी ऐकलं की दोघांनी पक्षच अदलाबदल केले होते, हे खरंय का?

हो, शंभर टक्के खरंय.

२०१६ ला हेच दोघे एकमेकांसमोर होते. तेव्हा ओबासेकी एपीसीचे (ऑल प्रोग्रेसिव्हज काँग्रेस, दुसरा मोठा पक्ष), ज्यांची निशाणी झाडू (आपल्याकडच्या झाडूशी काही संबंध नाही), आणि इझे-इयामू पीडीपीचे, त्यांची निशाणी छत्री. ओबासेकींना ३,१९,४८३ मतं पडली, इझे-इयामूंना २,५३,१७३. चार वर्षांनी पुन्हा तेच दोघे, फक्त ओबासेकी छत्रीखाली आणि इझे-इयामूंच्या हातात झाडू.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत पक्ष फुटणं, चिन्ह जाणं हे इतकं बघितलंय की मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही कदाचित, पण इथे तर अख्खी पाटीच उलटी झाली. २०१६ मध्ये ओशिओमोले सभेसभेत सांगत फिरत होते की इझे-इयामूंच्या हातात राज्य देऊ नका, आणि २०२० मध्ये तेच ओशिओमोले त्यांचाच हात वर धरून त्यांना मत द्या म्हणत होते. लोकांच्या मोबाईलमध्ये जुने व्हिडिओ होतेच. पीडीपीवाल्यांना नवीन प्रचार लिहायची फारशी गरजच पडली नाही, ओशिओमोलेंच्याच जुन्या सभा फिरवल्या की काम होत होतं. ओशिओमोलेंना शेवटी लोकांसमोर म्हणावं लागलं की ओबासेकींना आणणं ही माझी चूक होती आणि ती दुरुस्त करायला मी आलोय.

ओशिओमोले आणि ओबासेकी एवढे जवळचे होते तर बिनसलं कुठे?

ओशिओमोले म्हणजे कामगार नेते. गिरणी कामगारांच्या युनियनमधून वर आले, देशातल्या सगळ्यात मोठ्या कामगार महासंघाचे अध्यक्ष झाले, अंगात कायम खाकी शर्ट, भाषण असं की माणूस जागचा हलत नाही. आठ वर्षं गव्हर्नर राहून जाताना त्यांनी ओबासेकींना पुढे आणलं, पक्षातल्या बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं तरी. नंतर २०१८ ला ओशिओमोले एपीसीचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले.

पुढे काय झालं याचे दोन वेगवेगळे पाढे आहेत. ओबासेकींची बाजू अशी की राज्याच्या तिजोरीतून पुढाऱ्यांना वाटप करायला मी नकार दिला म्हणून सगळे माझ्यावर उठले. दुसरी बाजू अशी की ज्या कार्यकर्त्यांनी २०१६ ला उन्हातान्हात राबून निवडून आणलं त्यांना ओबासेकींनी दारातही उभं केलं नाही, फोन उचलले नाहीत. मला विचाराल तर दोन्हीत तथ्य आहे. कारभार बदलायला निघालेला माणूस आणि कार्यकर्त्यांना विसरलेला माणूस, एकाच माणसात दोन्ही असू शकतात. शाळांसाठी २०१८ मध्ये त्यांनी एडोबेस्ट नावाची योजना आणली, शिक्षकांच्या हातात टॅबलेट दिले, हजेरीपासून धड्यापर्यंत सगळं त्याच्यावर, हे काम दिसत होतं. पण वॉर्डातल्या पुढाऱ्याला टॅबलेटने काय मिळणार?

एपीसीने ओबासेकींचं तिकीट नेमकं कशावरून कापलं?

सर्टिफिकेटवरून. जून २०२० मध्ये एपीसीच्या छाननी समितीने ओबासेकींना अपात्र ठरवलं, कारण काय तर शिक्षणाच्या कागदपत्रांत गडबड आहे. इबादान विद्यापीठातून त्यांनी सत्तरच्या दशकात पदवी घेतलेली. चार वर्षांपूर्वी याच पक्षाने याच कागदांवर याच माणसाला उमेदवार केलं होतं, तेव्हा गडबड दिसली नव्हती!

आणि आता तारखा बघा. १६ जूनला ओबासेकींनी एपीसी सोडली. त्याच दिवशी अपील कोर्टाने ओशिओमोलेंचं पक्षातलं निलंबन कायम ठेवलं, म्हणजे तिकीट कापणाऱ्याचीच खुर्ची गेली. १९ जूनला ओबासेकी पीडीपीत. २२ जूनला एपीसीने इझे-इयामूंना उमेदवार केलं. २५ जूनला पीडीपीने ओबासेकींना, आणि त्याच दिवशी एपीसीच्या वरिष्ठांनी ओशिओमोलेंची अख्खी राष्ट्रीय कार्यकारिणी बरखास्त केली. दहा दिवसांत एवढं सगळं.

गव्हर्नरने पक्ष बदलला तर पद जात नाही?

नाही. घटनेत आमदार-खासदारांनी पक्ष सोडला तर (पक्षात फूट वगैरे नसेल तर) जागा जाते असं लिहिलंय, पण गव्हर्नरबद्दल असं काही कलम नाही. म्हणून ओबासेकी एपीसीच्या मतांवर आलेले असूनही पीडीपीचे गव्हर्नर म्हणून निवांत खुर्चीवर राहिले, आणि त्यांच्यासोबत डेप्युटी गव्हर्नर फिलिप शैबूही आले. शैबू उत्तरेचे, ओशिओमोलेंच्याच भागातले, त्यांचं येणं ओबासेकींना फार मोलाचं होतं.

विधानसभेचं छप्पर काढलं होतं ती काय भानगड?

हे नुसतं ऐकून खरं वाटत नाही.

एडोच्या विधानसभेत २४ आमदार. २०१९ च्या निवडणुकीत सगळेच्या सगळे एपीसीचे आले, पण तोवर एपीसीतच दोन गट पडले होते, एक ओबासेकींचा, एक ओशिओमोलेंचा. १७ जून २०१९ च्या रात्री सभागृह भरवलं, आणि फक्त ९ जणांचा शपथविधी उरकून स्पीकरही निवडला. उरलेल्यांपैकी बहुतेक जण ओशिओमोलेंच्या बाजूचे, त्यांना पत्ताच नाही. एखाद-दुसरा नंतर आत आला, बाकीचे बाहेरच राहिले आणि पुढे त्यांच्या जागा रिकाम्या आहेत असं जाहीर करून टाकलं. तिथल्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस वर्षानुवर्षं सभागृहात पायच ठेवू शकला नाही, आणि हे ओबासेकींच्या कारकिर्दीत झालं. त्यांची बाजू घेणाऱ्यांनीसुद्धा हे विसरू नये असं मला वाटतं.

मग निवडणुकीच्या तोंडावर, ६ ऑगस्ट २०२० ला, बाहेर राहिलेले आमदार सभागृहाचा ताबा घेणार अशी हवा उठली. बेनिन सिटीत विधानसभेच्या आवाराला पोलिसांनी वेढा दिला, आणि बघतात तर काय, टिपर येऊन दारातच वाळू आणि खडीचे ढीग ओतून गेले, मजूर वर चढून इमारतीचे पत्रे उतरवायला लागले. सरकारचं म्हणणं की दुरुस्ती चालू आहे. त्या दिवशीचे फोटो बघा, दारात खडी, वर उघडं आकाश, आणि खाली पोलीस बंदुका घेऊन उभे. विरोधी गटाने दुसरीकडेच कुठेतरी आपला वेगळा स्पीकर निवडला.

एवढं तापलेलं असताना दंगल कशी झाली नाही?

छोट्या-मोठ्या चकमकी झाल्या. २५ जुलैला तर राजवाड्याजवळच दोन्हीकडची माणसं भिडली. तेव्हा ओबा पुढे आले. ओबा म्हणजे बेनिनचे राजे, दुसरे एवुआरे, २०१६ पासून गादीवर. त्यांच्याकडे सरकारी अधिकार काही नाही, पण एडोमध्ये त्यांचा शब्द लोक डोक्यावर घेतात. २ सप्टेंबरला त्यांनी दोन्ही उमेदवारांना, ओशिओमोलेंना, शैबूंना, सगळ्यांना राजवाड्यात बोलावून घेतलं आणि चारचौघांत समज दिली की तुमची पोरं आवरा, रक्त सांडायचं नाही. ज्यांनी महिनाभर एकमेकांचं नाव शिवीसारखं घेतलं होतं ते तिथे शेजारी शेजारी बसले.

मग १५ सप्टेंबरला माजी लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांच्या शांतता समितीसमोर करारावर सह्या झाल्या. पोलिसांनी ३१,००० जणांचा बंदोबस्त लावला. अमेरिकेने त्याच सुमारास जाहीर केलं की आधीच्या निवडणुकांत गडबड केलेल्या काही जणांना व्हिसा देणार नाही. पण मला तरी वाटतं की व्हिसापेक्षा राजवाड्यातल्या त्या बैठकीचा वचक जास्त होता.

"एडो नो बी लागोस" म्हणजे काय?

पिजिन इंग्लिश आहे, नायजेरियात रस्त्यावर सगळीकडे तीच चालते. अर्थ सरळ: एडो म्हणजे लागोस नव्हे. रोख बोला टिनुबू यांच्यावर, जे आज नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष आहेत. लागोसमध्ये १९९९ ते २००७ ते गव्हर्नर होते आणि तेव्हापासून तिथे कोण येणार, कोण जाणार हे त्यांच्या हातात असतं असं लोक मानतात. २०१८ मध्ये लागोसचे गव्हर्नर अकिनवुन्मी अंबोडे यांना दुसऱ्या टर्मचं तिकीटच मिळालं नाही, पक्षांतर्गत निवडणुकीतच ते बाद झाले. एडोत ओबासेकींबरोबर तेच चाललंय हे लोकांनी लगेच ओळखलं.

त्यात मतदानाला चार-पाच दिवस राहिलेले असताना टिनुबूंनी टीव्हीवर येऊन एडोच्या लोकांना आवाहन केलं की ओबासेकींना नाकारा. झालं! आतापर्यंत जो वाद दोन नेत्यांचा होता तो "बाहेरचा माणूस आम्हाला शिकवणार का" असा झाला. आपल्या गावात शेजारच्या गावच्या पाटलाने येऊन सरपंच कोण करायचा ते सांगितलं तर काय होईल, तसंच.

मतदान आणि मोजणी कशी होते? मशीन असतं का?

मत कागदावरच. ओळख पटवायला मशीन. २०२० ला स्मार्ट कार्ड रीडर होतं, त्यात मतदारकार्ड घालायचं, बोट टेकवायचं, यादीत नाव बघायचं, मग मतपत्रिका. शाईत अंगठा बुडवून आपल्या पक्षाच्या चौकटीत ठसा उमटवायचा, घडी घालायची आणि सगळ्यांसमोर ठेवलेल्या पारदर्शक पेटीत टाकायची. कोविडचं वर्ष, म्हणून मास्क नसेल तर मतदान नाही असा नियम होता.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. मोजणी तिथेच होते, त्याच झाडाखाली किंवा शाळेच्या व्हरांड्यात, पेटी कुठेही न हलवता. अधिकारी एकेक मतपत्रिका वर धरून पक्षाचं नाव मोठ्याने म्हणतो आणि जमलेले लोक त्याच्याबरोबर आकडा मोजतात, एक, दोन, तीन, अख्खा घोळका एका सुरात. मग निकाल एका फॉर्मवर हाताने लिहितात, अंकात आणि अक्षरात, त्यावर पक्षांचे एजंट सही करतात, एकेक प्रत घेतात. तिथून पुढे वॉर्ड, मग लोकल गव्हर्नमेंट, मग राज्य, अशी बेरीज वर जाते. नायजेरियात आजवर आकडे बदलले गेले ते बहुतेक या वरच्या वाटेवर, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना.

एडोत पहिल्यांदाच गव्हर्नरच्या निवडणुकीत निवडणूक आयोगाने (तिकडे आयनेक म्हणतात) प्रत्येक केंद्रावरच्या त्या फॉर्मचा फोटो वेबसाईटवर टाकला. एकूण २,६२७ केंद्रं. म्हणजे घरी बसून कुणीही आपल्या केंद्राचा कागद उघडून बघू शकत होतं, निळ्या पेनाने लिहिलेले आकडे, कुठे खाडाखोड, खाली सह्या. लोक रात्रभर स्वतः बेरजा करत बसले होते. वरच्या टेबलावर आकडा बदलायचा म्हटलं तरी खालचा कागद आधीच हजारो फोनमध्ये पोचलेला होता. ओशिओमोले, टिनुबू, ओबासेकी यांच्यावर रकाने भरून लिहिलं गेलं, पण माझ्यासाठी या निवडणुकीचा खरा नायक तो फॉर्म आहे.

जिंकायला फक्त जास्त मतं पुरतात का?

नाही, दोन अटी आहेत. सगळ्यात जास्त मतं हवीत, आणि शिवाय किमान दोन तृतीयांश लोकल गव्हर्नमेंटमध्ये प्रत्येकी एक चतुर्थांश मतं हवीत. एडोत १८ पैकी १२. एकाच पट्ट्याच्या जोरावर कुणी राज्य बळकावू नये म्हणून ही सोय आहे.

निकाल काय लागला?

१९ सप्टेंबर २०२० ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी, २० ला रविवारी, निकाल जाहीर. जाहीर करायला राजकारणी किंवा सरकारी अधिकारी नसतो, एखाद्या विद्यापीठाचे कुलगुरू बोलावतात, ही पद्धत मला आवडते.

ओबासेकी ३,०७,९५५, इझे-इयामू २,२३,६१९. फरक ८४,३३६. ओबासेकींनी १८ पैकी १३ लोकल गव्हर्नमेंट जिंकल्या, इझे-इयामूंनी ५, आणि त्या पाचही उत्तरेच्या, म्हणजे ओशिओमोलेंच्या पट्ट्यातल्या. बेनिन सिटीत इझे-इयामू साफ हरले. स्वतः इझे-इयामू दक्षिणेचे, आणि दक्षिणेत त्यांना एकही मिळाली नाही.

आता २०१६ च्या आकड्यांशेजारी हे ठेवून बघा. पक्ष पूर्ण उलटा झाला तरी ओबासेकींची मतं जेमतेम साडेअकरा हजारांनी कमी झाली, इझे-इयामूंची जवळपास तीस हजारांनी. तीच तीच माणसं परत मतदानाला आली असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही, मतदार आतल्या आत बरेच हलले असणार, पण नुसती निशाणी बघून अंगठा उमटवणारे लोक असते तर असे आकडे आले नसते.

राष्ट्राध्यक्ष बुहारी तर एपीसीचे होते, त्यांनी काही केलं नाही?

हो, आणि ते काही न करणंच मोठं होतं. मुहम्मदू बुहारींनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला होता, पण पोलीस आणि आयोगावर दबाव टाकून निकाल फिरवला असं झालं नाही. निकाल लागल्यावर त्यांनी ओबासेकींचं अभिनंदन केलं आणि ओबासेकी आठवड्याच्या आत अबुजाला जाऊन त्यांचे आभार मानून आले. पीडीपीच्या प्रचाराची धुरा रिव्हर्सचे गव्हर्नर न्येसोम विके यांच्याकडे होती आणि एपीसीची कानोचे अब्दुल्लाही गंदुजे यांच्याकडे, दोघेही अटीतटीला आलेले, तरीही.

मतदान किती झालं?

हे मात्र वाईट वाटायला लावतं. नोंदलेले मतदार २२,१०,५३४, आणि केंद्रावर येऊन ओळख पटवलेले ५,५७,४४३. म्हणजे चारातला एक. कोविड होता, पोलिसांचा गराडा होता, भीती होती, आणि त्यादिवशी गाड्या बंद असतात, त्यामुळे दुसऱ्या गावात नाव असलेला माणूस जाणार कसा. कितीतरी नावं मेलेल्यांची किंवा राज्य सोडून गेलेल्यांची यादीत तशीच आहेत हेही खरं. पण सगळी कारणं मोजली तरी चारातले तीन जण आले नाहीत हे उरतंच, आणि ज्यांनी ही निवडणूक चांगली झाली म्हणून कौतुक केलं (मीही केलं) त्यांनी हा आकडाही सोबत सांगायला पाहिजे.

पैसे वाटले गेले का?

हो. निरीक्षकांनी दोन्ही बाजूंकडून मतं विकत घेतल्याचं नोंदवलंय. पद्धत साधारण अशी असते की मतदार ठसा उमटवल्यावर घडी घालायच्या आधी कागद जरासा तिरका धरतो, लांब उभ्या असलेल्या माणसाला ठसा दिसला की मान हलते, आणि मागच्या गल्लीत नोटा मिळतात. म्हणून तर आयोगाने मतदानाच्या आडोशात मोबाईल न्यायला बंदी केलीय, फोटो काढून पुरावा दाखवू नये म्हणून.

निकालानंतर कोर्टात गेले का?

सर्टिफिकेटची केस गेली. एपीसीने म्हटलं की ओबासेकींची पदवी बनावट आहे. इबादान विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी कोर्टात येऊन साक्ष दिली की पदवी आमचीच, खरी आहे. ९ जानेवारी २०२१ ला अबुजाच्या फेडरल हायकोर्टाने केस फेटाळली, मग अपील कोर्टाने, मग मे महिन्यात सुप्रीम कोर्टानेही. तिकीट कापायचं कारणच टिकलं नाही. इझे-इयामूंनी स्वतः निकालाला आव्हान दिलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, कारण नायजेरियात हरलेला उमेदवार कोर्टाची पायरी चढला नाही असं क्वचित होतं.

सत्तेवरचा गव्हर्नर दुसऱ्यांदा हमखास जिंकतो असं असतं का?

बहुतेक वेळा जिंकतो, पण हमखास नाही. एडोनंतर तीनच आठवड्यांनी शेजारच्या ओंडोत रोटिमी अकेरेडोलू दुसऱ्यांदा आले, आणि गंमत म्हणजे त्यांचेच डेप्युटी त्यांच्याविरुद्ध उभे होते. पण २०१४ मध्ये एकितीत कायोडे फायेमी सगळ्याच्या सगळ्या १६ लोकल गव्हर्नमेंट हरले. २०२२ मध्ये ओसुनचे गबोयेगा ओयेतोला हरले, अदेमोला अदेलेके यांना ४,०३,३७१ आणि ओयेतोलांना ३,७५,०२७. चार वर्षांपूर्वी याच ओयेतोलांनी याच अदेलेकेंना अवघ्या ४८२ मतांनी हरवलं होतं, तेही फेरमतदान होऊन. २०२३ ला झाम्फाराचे बेल्लो मतवल्ले हरले. जे हरले त्यांच्यात बहुतेकदा एक गोष्ट सारखी दिसते, आपल्याच पक्षातला कुणीतरी मोठा माणूस रुसलेला असतो, आणि पगार थकलेले असतात.

ओबासेकी आता सत्तेत आहेत का? शैबूंचं काय झालं?

ओबासेकींची दुसरी टर्म १२ नोव्हेंबर २०२४ ला संपली. पण त्याआधी जे झालं ते बघून मला फार खेद झाला. शैबूंना पुढचा गव्हर्नर व्हायचं होतं. ओबासेकींच्या मनात दुसरंच नाव होतं, असुए इघोदालो, वकील आणि बँकिंगवाले, त्यांच्यासारखेच कॉर्पोरेट जगातून आलेले. दोघांचं इतकं फाटलं की डेप्युटी गव्हर्नरचं ऑफिस सरकारी आवाराबाहेर हलवलं, आणि ८ एप्रिल २०२४ ला विधानसभेने शैबूंना महाभियोगाने काढून टाकलं. २०२० मध्ये ज्या माणसाने स्वतःच्या भागात रोष पत्करून ओबासेकींची साथ दिली होती त्याच्यावर ही वेळ आली. शैबू मग ओशिओमोलेंच्या गोटात परत गेले, एपीसीत. हायकोर्टाने नंतर तो महाभियोग बेकायदा ठरवला.

२१ सप्टेंबर २०२४ ला एपीसीचे मंडे ओकपेभोलो २,९१,६६७ मतं घेऊन जिंकले आणि इघोदालोंना २,४७,२७४ मिळाली. प्रचारात एपीसीवाले लोकांना विचारत होते की आता गॉडफादर (पडद्यामागून गव्हर्नर ठरवणारा) कोण आहे. यावेळी वेबसाईटवरचे फॉर्म आणि जाहीर झालेले आकडे जुळत नाहीत असं म्हणत पीडीपी कोर्टात गेली, पण निकाल काही बदलला नाही, आणि १२ नोव्हेंबरला ओकपेभोलोंनी शपथ घेतली.